मीटरबाईंची सहा पानं

माझ्या नणंदेबद्दल चांगलं लिहून हवं असेल तर दुसरं कुणी गाठा. मी लिहीन ते खरं लिहीन. आणि खरं एवढंच, की बावीस वर्षं एका घरात राहून त्या बाईने मला एकही भांडण जिंकू दिलं नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या स्वतः एकदाही भांडल्या नाहीत.

वन्सं माझ्या नवऱ्याहून चार वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायची या घरात कुणाची टाप नव्हती. घर सासऱ्यांनी मागे ठेवलेलं, ओळीने तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, कारण मी पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवते. मागे आम्ही दोघं आणि स्वयंपाक. मधली खोली वन्संची. म्हणजे मला कात्री सोडून चहा ठेवायला जायचं तरी त्यांच्या दारावरून जायचं. दार सदा अर्धं उघडं. सताड उघडं असतं तर आत डोकावता आलं असतं, बंद असतं तर विसरता आलं असतं.

नोकरी पाणीपुरवठा खात्यात, तक्रारींची खिडकी क्रमांक तीन. सव्वीस वर्षं एकच खिडकी. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, बिल दुप्पट, दारासमोर खड्डा खणला आणि बुजवलाच नाही, अशा कारणांनी पेटलेली माणसं सकाळी दहापासून काचेला नाक लावून उभी. लोक ओरडायचे, काउंटर बडवायचे. एकाने तर घरून आणलेली गढूळ पाण्याची बाटली त्यांच्या रजिस्टरवर ओतली. वन्संचा नियम एकच होता. मध्ये बोलायचं नाही. माणूस पार रिकामा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं आणि मग म्हणायचं, “झालं? आता मीटर नंबर सांगा.” तोवर बहुतेकांना मीटर नंबर सोडाच, घरी परत कुठल्या रस्त्याने जायचं तेही आठवत नसे.

घरी तेच. मी कमरेला पदर खोचून त्यांच्या दारात उभी राहिले की त्या हातातलं बाजूला ठेवायच्या आणि खुर्चीत सरळ बसायच्या. न्हाणीघरातला ओला टॉवेल, न पुसलेला ओटा, माझ्या कापडाच्या कात्रीने कापलेला पुठ्ठा, जे काय पोटात असेल ते मी ओतायची. अर्धा तास बोलले तर अर्धा तास ऐकायच्या. घड्याळाकडे बघणं नाही, जांभई नाही. शेवटी “झालं?” मी म्हणायची, “झालं.” त्या म्हणायच्या, “बरं.” दुसऱ्या दिवशी टॉवेल तिथेच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

नवऱ्याकडे जावं तर तो टायरच्या गोदामातून दमून आलेला. तो पहिलं वाक्य ऐकतो, दुसऱ्याला “हं” म्हणतो, तिसऱ्याला घोरतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्याशी बोलणं आणि कपाटाशी बोलणं यात कपाट निदान कुरकुरतं तरी.

एक रविवार तेवढा माझा होता. रविवारी सकाळी नऊला वन्सं एक चपटी पिशवी काखोटीला मारून बाहेर पडायच्या त्या संध्याकाळी सातला परत. कुठे जातात हे अकरा वर्षं मी विचारलं नाही. गेल्या हे पुरेसं होतं. मी मशीन बंद ठेवायची, पाय पसरून बसायची आणि मधल्या खोलीचं दार ओढून घ्यायची.

मग बटणं गेली. एका गिऱ्हाइकाच्या खोळींसाठी खास मागवलेली शिंपल्याची बारा बटणं, डबा उघडला तर एकही नाही. बुधवारी खोळी द्यायच्या होत्या. घरात तीन माणसं. नवऱ्याला बटण आणि बोल्ट यातला फरक कळत नाही. उरलं कोण? तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारच होता. नवऱ्याला हलवून उठवलं आणि विचारलं, तुझी बहीण जाते कुठे? तो म्हणाला, “ताई? पत्ते खेळायला.”

त्याने सांगितलेलं पत्त्यांचं दुकान एका दातांच्या दवाखान्याखाली, तळघरात. जिन्याच्या सात पायऱ्या उतरल्या की एक लांबट खोली, ट्यूबलाइट, सहा टेबलं, भिंतीला पानांच्या पाकिटांची फडताळं. दुकानदार गल्ल्यावर बसून पेन्सिलीने कान कोरत होता. आणि मधल्या टेबलावर, समोर माझी बारा बटणं ओळीत मांडून, वन्सं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या समोर बसलेल्या माणसाने हातातली पानं टेबलावर आपटली आणि ओरडला, “ही काय खेळायची पद्धत झाली? बाई, तुम्ही माणसाला मारत का नाही?” मागून कुणीतरी म्हणालं, “मीटरबाईंशी खेळण्यापेक्षा वरती जाऊन दाढ उपटून घ्यावी.” तिसरा म्हणाला, दाढेला निदान भूल देतात. दुकानभर हशा झाला. त्या हशात मायेचा टिपूस नव्हता. सगळेच्या सगळे माझ्या नणंदेवर मनापासून खार खाऊन होते.

खोटं कशाला बोलू? मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

पानं आपटणारा माणूस गाडी शिकवणारा होता. दुकानात त्याला ब्रेकमास्तर म्हणत. त्याने मला खुर्ची दिली, आणि मी कोण हे कळल्यावर चहा दिला. बटणं विसरून मी दोन तास तिथे बसले आणि माझी नणंद रविवारी काय पाप करते ते समजून घेतलं.

या खेळाची पानं आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी नसतात. प्रत्येकाने आपला चाळीस पानांचा गठ्ठा घरून जुळवून आणायचा. पानांवर राक्षस, लढवय्ये, किल्ले, वादळं, आणि तळाशी बारीक अक्षरांत ते पान काय करतं ते. दोघांनाही वीस वीस प्राण. आपले राक्षस समोरच्यावर सोडायचे, त्याचे प्राण शून्यावर आणायचे की डाव संपला. शंभरातले नव्व्याण्णव लोक असंच खेळतात. पण हजारांत एखाद्या पानाच्या तळाशी भलतंच लिहिलेलं असतं. अमुक झालं तर तुम्ही जिंकलात. मारामारी नको, काही नको. असली पानं लोक पाकिटातून निघाली की पुस्तकात खूण म्हणून ठेवतात. वन्संनी ती गोळा केली होती.

त्यांच्याकडे अशी सहा पानं होती, म्हणजे एकेकाळी होती. पहिलं ‘आटलेली विहीर’. त्यात समोरच्याचा गठ्ठा थोडा थोडा टाकून द्यायला लावायचा. उचलायला पान उरलं नाही की तो हरला. दुसरं ‘फुटका मुखवटा’. त्याचे पाच तुकडे हातात जमले की डाव तिथेच जिंकला. तिसरं ‘तुडुंब’, स्वतःचे प्राण पन्नासवर न्यायचे. कुणाला हात लावायचा नाही, नुसतं औषधपाणी करत बसायचं. चौथं ‘नकोशी भेट’. ज्याच्याजवळ राहील तो मरतो असं एक पान आधी स्वतः घ्यायचं आणि ऐन वेळी समोरच्याच्या पदरात टाकायचं. पाचवं ‘एकच श्वास’. आपल्या पाळीच्या सुरुवातीला नेमका एक प्राण उरला असेल तर जिंकलात. या पानावर दुकानाचा सगळ्यांत जास्त राग होता, कारण समोरचा जीव तोडून मारत असतो आणि मारता मारता त्याला कळतं, की बाईंना हेच हवं आहे. आणि सहावं ‘मुक्काम’. ते टेबलावर ठेवायचं, दर पाळीला त्यावर एक खूण ठेवायची. बारा खुणा झाल्या, डाव खिशात. त्या खुणा म्हणजे माझी बटणं.

बाकी सगळा गठ्ठा नुसता अडवाअडवीचा. तटबंद्या, खंदक, आणि ‘धुकं’ नावाचं एक पान. समोरच्याने हल्ला केला की प्राण वजा होण्याआधी धुकं टाकायचं, हल्ला वाया.

“एक डाव दीड तास चालतो,” ब्रेकमास्तर म्हणाला. “दीड तास आपण डोकं आपटायचं, त्या बघत बसणार. आणि शेवटी म्हणतात काय? ‘झालं?’”

“मला सांगता?” मी म्हणाले.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. वर्षभरात ज्याने सर्वांत जास्त डाव जिंकले, त्याच्यासमोर वर्षाच्या शेवटच्या रविवारी बाकी सगळे मिळून एक भिडू पाठवत. तो एक डाव जो जिंकेल त्याने कुठलंही एक पान निवडायचं आणि दाराच्या चौकटीला खिळ्याने ठोकायचं. ठोकलेलं पान त्या दुकानात पुन्हा कधीही, कुणीही खेळायचं नाही. मला चौकट दाखवली. डाव्या बाजूला वन्संनी ठोकलेली सहा पानं होती. सगळी अशी, की ज्यांच्यामुळे डाव पाच मिनिटांत उरकतो. आग ओकणारे, तीन तीन डोक्यांचे, लोकांनी महिनोन्‌महिने पाकिटं फोडून मिळवलेले. उजव्या बाजूला दुकानाने ठोकलेली पाच. विहीर, मुखवटा, तुडुंब, भेट, श्वास.

“आता एकच राहिलं,” ब्रेकमास्तर म्हणाला. “मुक्काम ठोकला की बाईंचा खेळ खल्लास. मग त्यांना चार माणसांसारखं मारून जिंकावं लागेल, नाहीतर घरी बसावं लागेल.”

आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं सांगायची गरज राहिली नाही.

मी आठ महिने शिकले. दर मंगळवारी दुपारी, दोन शिकाऊंच्या मधल्या तासाभरात, त्याच्या गाडीत. शाळेच्या मागच्या रस्त्यावर गाडी उभी करायची आणि आमच्या दोघांच्या मध्ये, हँडब्रेकवर पुठ्ठा ठेवून त्यावर पानं मांडायची. गाडीला त्याच्या बाजूनेही ब्रेक होता. मी चुकीचं पान खेळले की सवयीने त्याचा पाय त्यावर जायचा. नवऱ्याला सांगितलं, गाडी शिकते आहे. तो “हं” म्हणाला.

शिकायला वेळ लागला नाही. बायका आयुष्यभर असलेल्यात भागवतात, चाळीस पानांत भागवणं काय अवघड? अडचण एकच होती. मी कितीही मारा केला तरी ऐन वेळी वन्सं धुकं टाकणार. ब्रेकमास्तर सगळ्यांच्या वतीने हेच रडगाणं गायचा. धुकं तर धुकं, त्याला उपाय नाही.

एका मंगळवारी मी विचारलं, “धुकं टाकतात कधी? नेमकं सांगा. आपण हल्ला करतो तेव्हा लगेच?”

तो आठवून म्हणाला, “नाही. आपण सगळं बोलून होईपर्यंत थांबतात. हा राक्षस सोडला, तो सोडला, इतके प्राण वजा. त्याच दमात आपण ‘झालं’ म्हणतो. मग टाकतात, प्राण पुसले जायच्या आत.”

“मध्ये कधीच नाही?”

“कधीच नाही.”

तिथेच, त्या गाडीत, मला माझ्या नणंदेचा मीटर नंबर सापडला.

वर्षाचा शेवटचा रविवार आला. मी पायऱ्या उतरून मधल्या टेबलापाशी गेले आणि समोरची खुर्ची ओढली. वन्संनी वर पाहिलं. आश्चर्य वाटलं असेल तर दाखवलं नाही. माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, ब्रेकमास्तरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तू बसणार?”

“का, बसू नये?”

“बस की. बरं झालं.” मग गठ्ठा पिसत म्हणाल्या, “घाई नाही ना तुला?”

मला ते टोमण्यासारखं लागलं. दुकानदार पंच म्हणून पाटी आणि खडू घेऊन बसला. दोघींच्या नावापुढे वीस वीस. तिसऱ्या पाळीला त्यांनी ‘मुक्काम’ मांडलं आणि त्यावर पहिलं बटण ठेवलं. माझ्याच डब्यातलं; त्या गिऱ्हाइकाला मी दुसरी बटणं लावून खोळी दिल्या होत्या. मी म्हटलं, ठेवा, ठेवा.

पाऊण तास गेला. मी विसाचे चौदा केले, पुढे हात चालेना. तटबंदीवर तटबंदी. बटणं वाढत गेली. दहावं ठेवताना त्यांनी ते रांगेत सरळ केलं. अकरावं ठेवलं तेव्हा मागे उभे असलेले लोक हलायला लागले, कुणीतरी जिन्याकडे निघालंसुद्धा. पुढच्या पाळीला बारावं पडलं असतं. माझ्याकडे एकच पाळी होती. टेबलावर माझे चार राक्षस, सगळ्यांचं मिळून नेमकं चौदाचं बळ, आणि वन्संच्या हातात दोन पानं, त्यातलं एक धुकं. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मी पहिला राक्षस पुढे सरकवला आणि म्हणाले, “वन्सं, तुमचा ओला टॉवेल.”

जिन्याकडे निघालेला परत फिरला.

“बावीस वर्षं मी तो उचलते आहे. लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी उचलला होता, मला वाटलं चुकून राहिला असेल. हा दुसरा. माझ्या कात्रीने पुठ्ठा कापू नका हे मी शंभरदा सांगितलं. कापडाची कात्री आहे, तिच्यावर घर चालतं माझं. हा तिसरा. मी आजारी होते तेव्हा तुम्ही दारातून बघून गेलात. आत आला नाहीत. औषध घेतलं का एवढं तरी विचारायचं होतं.”

वन्संनी हातातली पानं पालथी करून टेबलावर ठेवली होती आणि त्या खुर्चीत सरळ बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“हा चौथा. मूल राहत नव्हतं तेव्हा बाहेरच्या बायका काय काय बोलल्या, तुम्ही तिथे होतात. एक शब्द बोलला नाहीत. चौदा. माझ्या बाजूने नाही, त्यांच्याही बाजूने नाही. बसून ऐकलंत. तुम्हाला वाटतं ऐकलं म्हणजे झालं? ऐकून काय करायचं असतं ते तुम्हाला कुणी शिकवलंच नाही. त्या दिवसापासून मला तुमचं दार बघवत नाही. रोज दहा वेळा त्या दारावरून जाते आणि दहाही वेळा वाटतं, की...”

पुढे काय वाटतं ते मी ठरवलेलं नव्हतं. टॉवेल आणि कात्री ठरवली होती. बाकीचं आपोआप आलं. मी थांबले तेव्हा माझा आवाज फाटला होता आणि माझंच मला कळत नव्हतं की मी कुठे आहे.

वन्संनी विचारलं, “झालं?”

“झालं.”

त्यांनी पान उचललं आणि धुकं टेबलावर ठेवलं.

दुकानदाराने पाटी फिरवली. वन्संच्या बाजूला शून्य होतं. “बाई, चौदा म्हणाल्या त्या. मघाशीच. तुम्ही काही बोलला नाहीत, मी पुसले.”

वन्संनी पाटीकडे पाहिलं, मग धुक्याकडे पाहिलं. मग दुकानात जो गोंधळ झाला तो मी विसरणार नाही. लोक टेबलांवर चढले. ब्रेकमास्तरने हातोडी माझ्या हातात दिली. ‘मुक्काम’ मी स्वतः ठोकलं. तीन घाव लागले. वन्संनी बटणं एकेक करून मोजली, माझ्यासमोर ठेवली आणि जिना चढून गेल्या.

पुढचा रविवार त्या घरी होत्या. त्याच्या पुढचाही. हे मी धरलंच नव्हतं. आठ महिने कट केला, आणि माझा एकुलता एक रविवार मी स्वतःच्या हाताने खिळ्याला लावते आहे एवढं साधं गणित मला सुचलं नाही. मी मशीन चालवत राहिले. मधलं दार आता बंद असायचं.

महिन्याभराने त्या पुन्हा पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मी सुटकेचा श्वास सोडला, पाय पसरले. साडेअकराला परत. पुढच्या रविवारी अकराला. तिसऱ्या रविवारी ब्रेकमास्तर घरी आला. दारातच उभा राहून, आवाज खाली करून म्हणाला, “वहिनी, तुम्ही काय करून ठेवलंत?”

वन्संनी नवा गठ्ठा आणला होता. सरळ मारामारीचा. भारीतली पानं चौकटीला ठोकलेली, तरी उरलेल्यांतूनच असा बांधला होता, की चौथ्या पाळीला समोरचा खलास. मध्येच तोडायचं, उठून बसू द्यायचं नाही. पाच मिनिटांत एक डाव. सकाळी नऊला सुरुवात, साडेदहापर्यंत दुकानातला प्रत्येक जण हरून मोकळा. “आणि भांडायला काही जागाच नाही हो,” तो म्हणाला. “नियमात हरवतात. लोक म्हणतात, छान खेळलात बाई. आणि घरी जातात. मीपण गेलो.”

“मग बरंच झालं की. हेच हवं होतं ना तुम्हाला?”

“हो,” तो म्हणाला आणि आमच्या दाराच्या चौकटीवर बोट टेकवलं. मग म्हणाला, “त्या पानाला भोक पडलं. भोकाचं पान खेळात चालत नाही. नाहीतर मी खिळा काढला असता.”

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर मधल्या दारावर थाप मारली आणि आत गेले. वन्सं पलंगावर बसून पानं जुळवत होत्या.

मी म्हणाले, “तुम्हाला असं खेळता येत होतं. पहिल्यापासून येत होतं.”

“त्यात काय अवघड आहे?”

“मग अकरा वर्षं लोकांच्या शिव्या का खाल्ल्या?”

त्यांनी गठ्ठा खाली ठेवला नाही. पिसत पिसतच म्हणाल्या, “मारलं की माणूस उठून जातो. शिव्या द्यायला तरी समोर बसावं लागतं.”

मला वाईट वाटलं. हे मी कबूल करते, आणि ते वाटल्याबद्दल मला त्यांचा आणखी राग आला. मी म्हणाले, “वन्सं, त्या दिवशी दुकानात मी जे बोलले ते सगळंच काही मला...”

“कळलं,” त्या म्हणाल्या.

“माझं ऐकून तर घ्या. त्यातलं टॉवेलचं मी ठरवून...”

“कळलं. डाव जिंकायला बोललीस. पुढे?”

“पूर्ण बोलू तर द्या!”

“का? पूर्ण बोलू दिलं की काय होतं ते बघितलं मी.” त्यांनी गठ्ठा पलंगावर आपटून सरळ केला. “मध्ये बोलायचं असतं, हे मला तू शिकवलंस. जाताना दार ओढून घे.”

तेव्हापासून हेच आहे. मी उंबऱ्यावर उभी राहते, अर्धं वाक्य बोलते, आणि “कळलं” येतं. टॉवेल आता न्हाणीघरात नसतो, घडी करून खुंटीला असतो. ओटा पुसलेला असतो. माझी कात्री जागच्या जागी. भांडायला काडीची जागा ठेवलेली नाही. पंधरा दिवसांत माझ्या पोटात इतकं साठलं, की जेवण उतरेना. नवऱ्यापाशी बसले. पहिलं वाक्य ऐकलं, दुसऱ्याला “हं” म्हणाला. त्या “हं”वर मला समजलं, की बावीस वर्षं या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं एकच माणूस होतं. करत काही नसे, पण ऐकत होतं. आणि दुकानातल्या चार परक्यांच्या टाळ्यांसाठी मी त्या ऐकण्यालाच धरून मारलं होतं.

सोमवारी मी पाणीपुरवठा खात्यात गेले. म्हटलं, घरी नाही तर नाही, तिथे तर ऐकणं नोकरीच आहे. टोकन घेतलं, खिडकी क्रमांक तीनच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे पस्तीस माणसं होती. दुपार होईल असं धरून मी घरून पाण्याची बाटली घेऊन गेले होते.

रांग भराभर सरकत होती. माझ्या मागच्या म्हाताऱ्याने खूष होऊन सांगितलं, हल्ली इथे फार लवकर काम होतं, बाई एकदम सुधारल्या. पुढचे लोक खिडकीशी जात, तोंड उघडत आणि हातात एक चिठ्ठी घेऊन परत फिरत. कुणी ओरडत नव्हतं. एक बाई चिठ्ठी हातात धरून बाकावर जाऊन बसली आणि तिचं जे सांगायचं राहिलं होतं ते शेजारच्या खांबाला सांगायला लागली.

वीस मिनिटांत माझा नंबर लागला. मी काचेच्या भोकाशी वाकले. वन्संनी मान वर केली. ओळखल्याचं काही दाखवलं नाही. हातात पेन तयार होतं.

“वन्सं,” मी म्हणाले, “मला मूल...”

“पाइप की बिल?”

“मला तुमच्याशी...”

“दोन्ही नाही ना? मग बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत हाक दिली, “पुढचे या.”